ओळीपुढचं नाव

भांडुप (पश्चिम)
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय गंधालीताई,

शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदाच कागदावर पत्र लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. म्हणजे तू वाचणारच नाहीयेस, तुझे बाबा वाचून दाखवणार आहेत. काका, तुम्हीही हसू नका.

काल तुझ्या घरी फोन केला तर काकांनी उचलला. म्हणाले, "शनिवारी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा फुगा भरलाय. दोन आठवडे पालथं झोपायचंय, मान वर करायची नाही. फोन वाजला की ही मान वर करते म्हणून तिचा मोबाइल कपाटात ठेवलाय. काही सांगायचं असेल तर पत्र लिही, मी दुपारी वाचून दाखवीन. मोबाइलवरचं मी वाचत नाही." एवढं बोलून ठेवलासुद्धा. मी बावळटासारखी "हो काका, हो काका" करत राहिले.

मरोळच्या ऑफिसात सगळं तसंच आहे. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. नवीन मॅनेजर मुकुल सर आले आहेत, पाय जमिनीला न लागता चालतात. आपली वेबसाइट लग्नाचे हॉल बुक करण्यासाठी आहे हे त्यांना पहिल्या दिवशी माहीत नव्हतं, आता सगळ्या हॉलवाल्यांना नावानं ओळखतात.

तुला एक गोष्ट सांगायची होती, म्हणून तर हा कागद. ऑगस्टमध्ये मी नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात तू माझं काम पानभर शेरे मारून परत पाठवलंस. मी कोडमध्ये एका बटणाला "रेड-बटन" असं नाव दिलं होतं. तू लिहिलंस, "बटण करतं काय ते नावात येऊ दे, दिसतं कसं ते नको." मी घरी येऊन आईला म्हटलं होतं, ती बाई खडूस आहे. बटण लाल आहे, त्याला लाल म्हटलं, तर हिच्या पोटात का दुखतंय?

गेल्या आठवड्यात मुलुंडच्या हॉलवाल्यांनी सगळी लाल बटणं जांभळी करून मागितली. मी एका ठिकाणी रंग बदलला आणि चहा यायच्या आत अख्खी साइट जांभळी. तुझं ऐकलं नसतं तर आज जांभळ्या बटणाचं नाव लाल-बटण असतं आणि मी कपाळाला हात लावून बसले असते. तर ताई, "खडूस" मी मागे घेतलं. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं, ते आज म्हणते.

एकच तक्रार आहे. आपल्या जुन्या फाइलींत ओळीच्या सुरुवातीला टॅब दिलाय आणि नव्या फाइलींत दोन स्पेस. जुनी फाइल उघडली की सगळा मजकूर उजवीकडे पळालेला. तू एवढी शिस्तीची, मग हे कसं राहिलं?

आजोबा तुझी चौकशी करतात. त्यांना सांगितलं की आम्ही साइटचा दर्शनी भाग करतो, तर म्हणाले, "म्हणजे दुकानाचां शटर." बरोबरच आहे म्हणा.

तुझी,
ऋतिका


विलेपार्ले (पूर्व)
६ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिका, अनेक आशीर्वाद.

(शब्द गंधालीचे, अक्षर माझे. कंसातील मजकूर लेखनिकाचा समजावा. — श्यामसुंदर)

मी सध्या जमिनीशी बोलते. पलंगाच्या कडेला तोंड खाली, त्याखाली बाबा स्टूल टाकून बसलेत आणि मला जगात फक्त त्यांच्या चपला दिसतात. (घरात वापरायच्या. स्वच्छ आहेत.) तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. "खडूस" हा शब्द जरा जास्तच स्पष्ट वाचला.

उजव्या डोळ्यातला पडदा सुटला होता, तो परत चिकटवलाय. काळजीसारखं काही नाही. (येथे मी पेन थांबवले होते. तिने "पुढे लिहा" म्हटले.)

अगं, ते नियम मी शहाणी म्हणून केले नाहीत, पोळलेली म्हणून केले. मी लागले तेव्हा प्रत्येकाने आपापल्या ओळीपुढे "इम्पॉर्टंट" लिहून ठेवलं होतं, म्हणजे दुसरं कुणी काहीही म्हणो, माझाच रंग लागला पाहिजे. एकाने लिहिलं की दुसरा लिहायचा. सगळेच मानकरी झाले तर पालखी उचलायची कुणी? एकदा लग्नाच्या हॉलच्या पानावर अक्षरंही पांढरी आणि मागचा रंगही पांढरा झाला. लोक कोऱ्या पानावर बोटं मारत बसले. त्या दिवशी मी पहिला नियम लिहिला. बाकीचे असेच, एकेका फजितीतून आले. तुझ्यासारखी एखादी त्यांच्यावर चिडून का होईना पण ते पाळते, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते या स्थितीत नीट सांगता येत नाही. तुझे आभार. आडवी पडून सारखं वाटतं की आपण गेलो की आपलंही सगळं जाईल. तसं नाहीये हे तुझ्या पत्रानं कळलं.

टॅबचं म्हणशील तर ती माझी जुनी ठसठस आहे. पहिली काही वर्षं आम्ही टॅब वापरायचो, मग स्पेसवर आलो. फॉर्मॅटर (मांडणी सारखी करणारा प्रोग्रॅम म्हणे) एकदा सगळ्या फाइलींवरून फिरवला की सगळं एका फटक्यात एकसारखं होतं, वगैरे वगैरे. (तांत्रिक मजकूर संक्षिप्त केला आहे. कागद संपत आला.) माझ्या हातून ते झालं नाही, पण व्हायला हवं.

आजोबांना नमस्कार सांग. शटर हा शब्द मी आता ऑफिसात वापरणार.

गंधाली
(लेखनिकाचेही आशीर्वाद.)


भांडुप (पश्चिम)
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय गंधालीताई,

पत्र आलं तेव्हा आईनं ते दारातच फोडलं आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. सुगंधा परब कुणाचं पत्र सोडत नाही. काकांच्या चपलांवर तर ती इतकी हसली की शेजारच्या काकू बघायला आल्या.

आता बातमी ऐक, नीट पड आणि ऐक. टॅब गेले. सगळे गेले.

तुझी ठसठस वाचली आणि मी ठरवलं की ताई परत येईल तेव्हा तिला हे तयार मिळालं पाहिजे. शनिवारी फॉर्मॅटर नीट बसवला, काल दिवसभर घरी बसून तो प्रत्येक फाइलीवरून फिरवला. पहिल्या वर्षापासूनच्या सगळ्या फाइली. दोन स्पेस, कंस एका पद्धतीचे, अवतरणचिन्हं एका पद्धतीची, लांब ओळी तोडलेल्या. साइट तपासली, सगळी पानं जागच्या जागी. आज सकाळी मुकुल सरांनी एका झटक्यात मान्य करून टाकलं. त्यांनी काय बघितलं देव जाणे, पण मान्य केलं. ताई, आता कुठलीही फाइल उघड, सगळं एकाच हातानं लिहिल्यासारखं दिसतं. झकास दिसतं. मी उगीचच जुन्या फाइली उघडून बघत बसले.

तू मला एवढं दिलंस, त्याची ही परतफेड नाही. तुला बरं वाटावं एवढंच.

आता जरा नको असलेली गोष्ट. वरून निरोप आलाय म्हणे की दर्शनी भागाच्या टीममधून एक जागा कमी करायची. मुकुल सर कुणी किती काम केलंय त्याचा तक्ता काढतायत. सध्या साइटवर असलेल्या ओळी मोजायच्या आणि त्या कुणाच्या ते बघायचं. टीममध्ये सगळ्यात नवीन मी, नोकरीही अजून कच्ची, म्हणजे माझीच विकेट. आईला अजून सांगितलं नाहीये, म्हणून हे पत्र मीच पेटीत टाकणार आहे. तुझी जागा तर पक्कीच आहे, आठ वर्षांची इमारत उभी आहे तुझी.

आजोबा विचारतायत, "ताईचो डोळो बरो आसा मां?" काय सांगू?

तुझी,
ऋतिका


विलेपार्ले (पूर्व)
१३ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिका,

तुझं पत्र मिळालं. फार छान काम केलंस. एवढ्या फाइली तपासणं सोपं नाही, आणि तू ते सुट्टीच्या दिवशी केलंस. मनापासून आभार.

जागेची काळजी करू नकोस. तुझं काम चांगलं आहे, ते दिसेलच.

डोळा सुधारतोय असं आजोबांना सांग. परवापासून मान वर करायला परवानगी मिळेल.

गंधाली


विलेपार्ले (पूर्व)
१७ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतिका, अनेक आशीर्वाद.

हे पत्र माझे आहे. गंधालीने सांगितलेले नाही, तिला ठाऊकही नाही. ती आत झोपली आहे आणि मी गॅलरीत बसून लिहीत आहे. पंचाहत्तरीच्या माणसाने मुलीपासून लपून पत्र लिहावे हे शोभत नाही, परंतु इलाज नाही.

तुझे दहा तारखेचे पत्र मी तिला वाचून दाखवले. फाइली सरळ केल्याचा मजकूर आला तेव्हा ती "अरे वा" म्हणाली आणि तोंड उशीत घातले. पुढे तक्त्याचा मजकूर आला, तेव्हा मला दोन वेळा वाचायला लावला. मग म्हणाली, "बाबा, घ्या लिहून, छान काम केलंस." मी कंसात काही लिहू लागलो तर म्हणाली, "आज कंस नको."

मी खोदून विचारले तेव्हा तिने सांगितले. मला उमगले ते असे: तुमच्या कामात प्रत्येक ओळीपुढे ती ओळ शेवटची कोणी बदलली त्याचे नाव लागते. तू फॉर्मॅटर फिरवलास, ओळीओळीच्या आधीची मोकळी जागा बदलली, म्हणून प्रत्येक ओळीपुढे आता तुझे नाव लागले. शब्द तिचे, नाव तुझे. आमच्या सोसायटीत मागे रंगारी आले होते, त्यांनी दारांसकट पाट्याही रंगवून टाकल्या. घरे तिथेच, माणसे तीच, पण कुरियरवाला महिनाभर जिन्यात ओरडत फिरायचा. तसेच काहीसे.

मी म्हटले, तिला कळव. ती म्हणाली, "मुळीच नाही. पोरीने प्रेमाने केलंय. तिची नोकरी कच्ची आहे, तिला त्या तक्त्याचा फायदा होत असेल तर होऊ दे."

आता माझे. सहा तारखेच्या पत्रात मी "वगैरे वगैरे" लिहिले आहे. तिथे तिने आणखी तीन-चार वाक्ये सांगितली होती. फॉर्मॅटर फिरवण्याआधी नावे शाबूत राहण्याची काही तजवीज करावी लागते, ती काय, असे ते होते. मला त्यातले अक्षर कळले नाही आणि कागद संपत आला होता. नोकरीत असताना साहेबांची लांबलचक पत्रे आटोपशीर करण्याबद्दल मला शाबासकी मिळत असे. ती सवय इथे नडली. तुझी चूक नाही, माझी आहे.

तिने तुला सांगितले नाही ते मी सांगतो. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू आहे. सगळे काम ती उजव्यावर करत आली, आणि पडदा उजव्याचाच सुटला. ऑफिसात कोणाला माहीत नाही. परवा मान वर करायला परवानगी मिळाली, पण अजून तिला सगळे पाण्यातून पाहिल्यासारखे दिसते. कंपनीने पत्र पाठवून "कधी रुजू होणार" विचारले आहे. त्यात हा तक्ता गेला आणि त्यात तिचे नावच नसले तर आठ वर्षे काम करून ती काहीच न केलेली ठरेल. ही नोकरी गेली तर अशा डोळ्याने दुसरी कोण देईल?

पाट्या परत लागू शकतात का, एवढेच विचारायचे आहे. लागत नसतील तर हे पत्र फाडून टाक आणि स्वतःला दोष देऊ नकोस. तुझी पत्रे आली त्या दिवसांत ती जेवली आहे. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे.

तुझा,
श्यामसुंदर काका


भांडुप (पश्चिम)
२१ फेब्रुवारी २०२५

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. पत्र ताईला दाखवू नका, पण पाट्या लागल्या हे आधी सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं शांतपणे वाचाल.

मंगळवारी मुकुल सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर तक्ता होता. सगळ्यात लांब पट्टी माझी, आणि तळाला ताईची, नखाएवढी. सर म्हणाले, "काय यार, ऋतिका, सहा महिन्यांत एवढं? आणि गंधालीचं आठ वर्षांत एवढंसंच? तुझी नोकरी पक्की करतोय मी. शुक्रवारी तक्ता वर पाठवतो." काहीतरी चुकलंय हे कळत होतं, पण काय ते डोक्यात येईना. एवढं काम मी केलेलं नाही, हे तर मला माहीत आहे ना. बाहेर आले, जागेवर बसले, कामात मन लागेना. बुधवारी घरी आले तर तुमचं पत्र आलेलं. पाट्यांपर्यंत वाचलं आणि सगळं लख्ख झालं.

काका, तुमच्या "वगैरे"नं काही झालेलं नाही. मला हे माहीत असायला हवं होतं आणि नव्हतं. तुम्ही शाबासकीचा माणूस आहात, शाबासकीतच राहा.

तजवीज साधी निघाली. एक छोटी फाइल ठेवायची असते. अमुक बदल हा नुसत्या रंगरंगोटीचा आहे, नाव बघताना तो वगळून मागचं नाव दाखवा, एवढंच त्यात लिहायचं. बदल आधी झाला असला तरी फाइल नंतर ठेवता येते. काल सकाळी ऑफिसात पहिली जाऊन मी ती ठेवली, आणि त्यात मी केलेल्या त्या रविवारच्या बदलाचा क्रमांक लिहिला. मग एक जुनी फाइल उघडली. ओळीओळीपुढे गंधाली आठल्ये, गंधाली आठल्ये, असं खालपर्यंत. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

पण सरांचा तक्ता ती फाइल आपणहून बघत नव्हता. त्याला तसं सांगावं लागतं. म्हणून सर आल्या आल्या केबिनमध्ये शिरले आणि म्हटलं, "सर, तो तक्ता चुकीचा आहे, माझ्यामुळे."

त्यांना समजवायला वेळ लागला. मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर तक्ता परत काढून दाखवला. माझी पट्टी सरसर आखडली आणि ताईची सगळ्यात वर गेली.

सर म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"मलाच काल कळलं."

"अगं, पण मग तुझं उरतं काय?"

"थोडं उरतं सर. मुहूर्तांचं कॅलेंडर माझं आहे."

"एक जागा कमी करायची आहे, माहिती आहे ना तुला?"

"माहिती आहे."

त्यांनी बाजूची खुर्ची मोकळी केली. मग म्हणाले, "बस इथे, कुणाचं काय ते मला एकदा नीट समजावून सांग." मी सांगितलं. कोरं पान आणि लोकांची बोटं, तेही सांगितलं. नियम ताईनं एकटीनं घडवले आणि माझं जे थोडं आहे तेही तिच्या शेऱ्यांतून झालंय, हेही सांगितलं. नवा तक्ता आज वर गेला. पुढे काय होईल ते माहीत नाही. डोळ्याबद्दल मी कुणाला बोललेले नाही, ते ताईनं सांगायचं.

घरी आता सगळं सांगितलं. आई कांदा चिरत होती. म्हणाली, "नोकरी दुसरी बघू. त्या बाईंना डब्यातून काय पाठवू ते सांग." आजोबांना वाटलं मी घाबरलेय. ते जवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मिलात माका नंबर होतो, नाव नाय होतां. नावाची किंमत माका इचार."

काका, तुम्ही मला लिहिलंत याबद्दल तुमचे उपकार मानते. नाहीतर मी त्या लांब पट्टीवर बसून राहिले असते आणि ताईला कधी तोंड दाखवू शकले नसते.

तुमची,
ऋतिका


विलेपार्ले (पूर्व)
१० मार्च २०२५

चि. ऋतिका,

तू शिमग्याला गावी निघायच्या आत हे पोचावं म्हणून आजच पेटीत पडणार आहे. अक्षर अजून बाबांचंच.

तू आणि बाबा मिळून माझ्यापासून काही लपवाल हा तुमचा गोड गैरसमज होता. तुझं पत्र आलं त्या दिवशी बाबा तीन वेळा चहा करायला उठले आणि एकदाही चहा आणला नाही. (दूध नासले होते.) मी म्हटलं, खिशात काय आहे ते वाचा. वाचलं त्यांनी. मध्ये दोनदा चष्मा पुसला.

आता मीही खरं सांगते. तुझं फाइलींचं पत्र ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, फार वाईट. तुझा राग नव्हता. आठ वर्षं केलं ते केलं, नाव असलं काय नि नसलं काय, असं मी स्वतःला समजावत होते आणि मला ते अजिबात पटत नव्हतं. तोंड उशीत होतं, त्यामुळे बाबांना दिसलं नाही. तुझ्या नोकरीचं मी बोलले तेही खरं, पण मोठेपणाचा आव आणला की आतून किती पोखरतं ते मला त्या दिवसांत कळलं. तू नाव परत आणलंस आणि त्यासाठी स्वतःची जागा पणाला लावलीस. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, म्हणून साधेच मानते. आभार.

तुझ्या पत्रानंतर आठवड्यानं मुकुलचा फोन आला. म्हणाला, "जागा तुमचीच आहे. येताय ना?" मला हो म्हणता येईना. मी त्याला डोळ्याचं सांगून टाकलं, दोन्ही डोळ्यांचं. आठ वर्षं लपवलेलं दोन मिनिटांत सांगून झालं. तो म्हणाला, "वाचता येतंय का बघा, मग ठरवू." शहाणा मुलगा आहे, घाईतला असला तरी.

वाचता येतंय का, हेच तर मला माहीत नव्हतं. बघायची भीती वाटत होती. डॉक्टरांनी थोडा वेळ स्क्रीन बघायला हरकत नाही म्हटलं तरी मी दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. मग शुक्रवारी बाबांनीच तो जेवणाच्या टेबलावर आणून उघडला आणि खुर्ची ओढून दिली.

अक्षर एवढं मोठं करावं लागलं की स्क्रीनवर जेमतेम बारा-पंधरा ओळी मावत होत्या. मी सगळ्यात जुनी फाइल उघडली, पहिल्या वर्षी लिहिलेली, टॅबवाली. त्या आकारात ते टॅब असते ना, ऋतिका, तर निम्म्या ओळी उजव्या कडेबाहेर गेल्या असत्या. मी त्या शोधत स्क्रीन इकडेतिकडे सरकवत बसले असते, आणि पाच मिनिटांत झाकण लावून मुकुलला नाही कळवलं असतं. मला माहितीये, मी लावलंच असतं.

पण टॅब नव्हते. दोन स्पेस, मग दोन स्पेस, ओळी लांब झाल्या तिथे तोडलेल्या, कंस नेहमीच्या जागी. दिवे गेले तरी आपण आपल्या बिल्डिंगचा जिना उतरतो ना, पायऱ्या सारख्या असतात म्हणून, तशी मी खाली खाली गेले. जिथे अक्षर पुसट दिसलं तिथे ते काय असणार हे जागेवरून कळलं. फाइल संपली. दुसरी उघडली. ती तुझी होती, मुहूर्तांच्या कॅलेंडरची. तीही वाचली. एका ठिकाणी नाव चुकलंय, ते समोर बसून सांगीन.

शनिवारी मी मुकुलला फोन केला. सांगितलं की वर्षभर तरी मी अर्धा दिवसच काम करू शकेन. म्हणजे वरच्या लोकांना जी जागा वाचवायची आहे, त्यातली अर्धी माझ्याकडून घ्या आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ऋतिकाला हात लावू नका. मला वाचता येईल असं लिहिणारी तीच आहे, ती गेली तर मीही येत नाही. तो म्हणाला, "विचारून सांगतो." आज सकाळी त्याचा फोन आला. वरच्यांनी मान्य केलंय. मी सोमवारपासून येतेय, आणि तू पक्की झालीस. तो तुला या आठवड्यात बोलावून सांगेल, तेव्हा नवल वाटल्यासारखं तोंड कर, त्याचा आनंद घालवू नकोस.

आईंना सांग, डबा चालेल. आजोबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे हेही सांग. नावाची किंमत मलाही या महिन्यात कळली.

तरीपण तुझ्याजवळ म्हणून बोलते. तू नाव परत आणलंस त्याचे आभार वर मानले. पण आज हे पत्र सांगायला बसले ते त्या रविवारच्या आभारांसाठी. ज्या दिवशी तू माझं नाव पुसलंस, त्याच दिवशी तू मला वाचता येईल असं करून ठेवलंस, आणि हे तुलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नाव गेलं असतं तर मी रडले असते आणि चार महिन्यांनी उठून कामाला लागले असते. वाचणं गेलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला खरंच माहीत नाही गं.

तुझी,
गंधालीताई